आमच्या घराचा आवाज

"आधी त्या बांगड्या बांध," अक्का म्हणाल्या. "किणकिण कानावर आली की मला कळणार, तू मागं हायस. मग पैजेत काय राम ऱ्हायला?"

मी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि वरून रुमाल करकचून बांधला. चपला उंबऱ्यापाशी काढून ठेवल्या. अक्कांनी पदर खोचला, दाराआडची काठी घेतली आणि कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा चेहरा करून मला विचारलं, "केस नीट हाईत न्हवं?"

"नीट आहेत."

"मग चल. न्हाई, आज मी चल म्हणायचं न्हाई. तू नुसती मागनं ये."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूया वरुटे. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. मी लग्न होऊन पुण्याहून इचलकरंजीला आले तेव्हा काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलेलीच होती. उजेड कुठला आणि अंधार कुठला एवढं कळायचं. पुढं तेही कळेनासं झालं. पण त्या कधी घरात बसून राहिल्या नाहीत. सकाळचं आवरलं की काठी घेऊन बाहेर पडायच्या, कुठं कुठं बसून गप्पा मारून जेवायच्या वेळेला परत यायच्या, आणि येताना गावातल्या इतक्या बातम्या घेऊन यायच्या की दोन डोळे धड असलेल्या मला त्यातली एकही ठाऊक नसायची.

मला हे गाव आवडत नव्हतं. उगीच खोटं कशाला सांगू? नदीकाठचं पुणं सोडून मी मागांच्या गावात आले होते. मागांवर कापड विणलं जातं हे पुस्तकात वाचलं होतं, पण ते विणताना दिवसरात्र खटखट होते हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत घरटी माग. इकडून खटखट, तिकडून खटखट, भिंतीला हात लावला तर भिंतही थरथरायची. पहिल्या महिन्यात मी कानात कापूस घालून स्वयंपाक केला, आणि सासूबाई काय बोलतात ते न कळल्यामुळं दोनदा आमटीत मीठ घातलं.

त्यामुळं दिगंबरना, म्हणजे माझ्या यजमानांना, पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी मिळाली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. फ्लॅटही बघून झाला. सातवा मजला, वाऱ्याशिवाय कसला म्हणून आवाज नाही. मी मनातल्या मनात पडदे शिवायला घेतले होते.

अक्कांनी मात्र ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "तुमी जावा. मी हितंच ऱ्हाते."

"एकटी?" दिगंबर म्हणाले.

"एकटी कशानं? गाव हाय की."

"अक्का, गाव काय तुझा हात धरून चालणार आहे? उद्या कुठं पडलीस, कुणी गाडीनं उडवलं, तर मी तिकडून येईपर्यंत काय?"

"रोज फिरतेच की मी."

"गल्लीत फिरतेस. चार घरं इकडं, चार घरं तिकडं. त्याला फिरणं म्हणत नाहीत."

अक्कांना हे लागलं. त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "कुठवर गेले म्हंजे तुझं समाधान हुईल?"

दिगंबरनी जरा विचार केला. ते मुळात दुष्ट नव्हते. त्यांना आईची खरीच काळजी होती. "स्टँडासमोरच्या रसवंतीपर्यंत ये. बाजारातून, एकटी. मी तिथं बसतो. पोचलीस तर राहा इथं, मी परत कधी विषय काढणार नाही. नाही पोचलीस तर आमच्याबरोबर यायचं. कुणी हात धरायचा नाही, कुणी वाट सांगायची नाही. ही वृंदा मागून येईल, पण ती तोंड उघडणार नाही. फक्त गाडीबिडीखाली जायची वेळ आली तर धरेल, आणि धरलं की तू हरलीस."

"झालं तर मग. कवा?"

"शुक्रवारी. सुट्टी असते, रस्त्याला गर्दी कमी."

आमच्या भागात शुक्रवारी दिवसभर वीज नसायची. माग बंद, बाजारही निम्मा बंद. त्या दिवशी गाव झोपल्यासारखं पडून असायचं. आईला सोपं जावं म्हणूनच त्यांनी तो दिवस निवडला होता.

अक्का गालातल्या गालात हसल्या. "शुक्रवार? बरं, शुक्रवारीच ठेव," असं म्हणून त्या सुपारी कातरायला लागल्या.

दिगंबरनी गल्लीत घरोघरी जाऊन नियम सांगून ठेवले. कुणी पुढं होऊन मदत करायची नाही म्हणून सगळ्यांना बजावलं. आणि असा तो शुक्रवार उजाडला.

अक्का भिंतीला काठी टेकवत, दारं मोजत कोपऱ्याकडं निघाल्या. मी अनवाणी, श्वास धरून मागं. कोपऱ्यावर बाबालाल मोमीन यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एका लांबट पत्र्याच्या खोलीत ओळीनं लावलेले माग. त्यातला दाराजवळचा माग लंगडा चालायचा. खट, मग जरा अडखळून खटाक. मला तो आवाज सगळ्यांत जास्त छळायचा. अक्का मात्र तो ऐकला की उजवीकडं वळायच्या. त्यांनी मला एकदा शेंगा निवडता निवडता सगळं समजावून सांगितलं होतं. लंगड्या मागाला वळायचं, मग शेवंताच्या घरातल्या, सुताच्या कांड्या भरायच्या यंत्राची घरघर डाव्या हाताला ठेवायची, पुढं चौगुल्यांच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटला की बाजार, मग सायझिंग कारखान्यातल्या खळीचा वास नाकात शिरतो, आणि चौकात आलं की पलीकडं रसवंतीची घुंगरं.

"गावाला किती आवाज हाईत बघ," त्या म्हणाल्या होत्या. "आपल्याच घराला तेवढा आवाज न्हाई. परत येताना दारं मोजावी लागत्यात. एकदा मोजणी चुकली आणि शेजारच्या घरात जाऊन बसले. त्यांच्या सुनंनं च्या दिला. कप खाली ठेवल्यावर कळलं, आपल्या घरी इतका गोड च्या कोण करत न्हाई."

हे सगळं मला त्या कोपऱ्यावर, अक्का थांबल्या तेव्हा एकदम आठवलं.

आज शुक्रवार होता. वीज नव्हती. लंगडा माग गप्प होता. कांड्यांचं यंत्र, गिरणी, सायझिंग, रसवंती, सगळं गप्प होतं. अक्कांच्या वाटेवरची एकूण एक खूण आम्हीच पुसून ठेवली होती. दिगंबरना गाड्या कमी दिसल्या, मला शांतता दिसली, आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

अक्का उभ्या होत्या. मान थोडी तिरकी, कान पुढं. काठीनं त्यांनी समोर चाचपून पाहिलं. समोर रस्ता आणि दोन्ही बाजूंना रस्ता. त्यांनी एक पाऊल डावीकडं टाकलं, मग मागं घेतलं.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अक्का, पैज रद्द, चूक आमची आहे. पण ओरडले असते तर त्या हरल्या असत्या. आता हसू येतं, पण तेव्हा मी तोंडावर हात दाबून उभी होते.

बाबालालचाचा कारखान्याच्या पायरीवर बसून सुट्टीचं काम करत होते. धोटे पुसायचं. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडं धावणारी, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेली लाकडी नाव. त्यांनी अक्कांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी हातानं विचारलं, आता काय? त्यांनी मागं वळून आपल्या मुक्या मागाकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं.

ते उठले. हातातला धोटा लोखंडी दारावर मारला. खटाक, खटाक, खटाक.

अक्कांनी मान हलवली नाही. त्या तशाच उभ्या.

चाचांनी डोळे मिटले. क्षणभर ते नुसते उभे राहिले, जणू आपला माग आतून ऐकत होते. मग पुन्हा हात उचलला. खट. जरासं अडखळून, खटाक. खट. खटाक.

अक्कांची हनुवटी वर झाली. त्या उजवीकडं वळल्या आणि चालू लागल्या.

पाठोपाठ मनात आलं, हे नियमात बसतं का? पंच मीच होते. हात धरला? नाही. वाट सांगितली? चाचा तर आपल्या दारावर धोटा मारत होते, सुट्टीच्या दिवशी माणसानं आपल्या दारावर काय मारावं हा त्याचा प्रश्न. बसतं, असा मी जागच्या जागी निकाल दिला.

चाचांनी एका हातानं ठोकणं चालूच ठेवलं आणि दुसऱ्या हातानं सिद्रामला बोलावलं. सिद्राम त्यांचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. चाचांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं सायकल उचलली, चेन वाजू नये म्हणून चार पावलं हातात उचलून नेली, आणि मागच्या बोळात शिरून नाहीसा झाला.

शेवंताच्या दारापर्यंत आम्ही पोचेतो ती ओल्या हातांनी बाहेर येऊन उभी होती. आत कांड्या भरायचं यंत्र होतं, पण विजेशिवाय ते फिरणार कसं? आणि घरघर काही तोंडानं काढता येत नाही. शेवंतानं तोंड उघडलं, मिटलं, इकडंतिकडं पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून ती रिकाम्या दाराकडं वळली आणि रोज यंत्राच्या वरताण आवाजात जे करायची तेच तिनं सुरू केलं.

"किती सांगायचं तुमाला? किती सांगायचं? विडी ओढून थोटकं दारात टाकू नगा म्हणून किती डाव सांगितलं? म्या म्हणून नांदले, दुसरी असती तर कवाच माहेरी गेली असती!"

नवरा निपाणीला गेला होता. दारात कुणीही नव्हतं. पण शेवंता अशी तापली होती की मला क्षणभर त्या बिचाऱ्याची दया आली. अक्का आवाज डाव्या हाताला ठेवून पुढं गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. मागून मला वाटलं, रडतायत की काय. पुढं झुकून पाहिलं तर त्या हसत होत्या.

आता मला पुण्याची आठवण राहिली नव्हती. हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी मी फक्त बोटं मुडपून पुटपुटत होते, आता चौगुल्यांची गिरणी, आता चौगुल्यांची गिरणी.

आणि तिथंच घोटाळा झाला. सिद्राम सायकलवरून सांगत गेला होता खरा, पण एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि दुसऱ्यानं तिघांना. अक्कांना आवाज हवाय एवढंच सगळ्यांच्या कानापर्यंत पोचलं. कुठला आवाज, कुणाचा, हे वाटेतच सांडलं. बाजाराच्या तोंडाशी आम्ही आलो तर दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. कुणाच्या हातात ताट, कुणाच्या हातात डबा, एकानं देवघरातली घंटा आणलेली. तालमीतल्या गड्यांनी तर हलगी शेकून तयार ठेवली होती. अक्का दिसल्या आणि सगळ्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली.

बंद बाजारात असा कल्लोळ उठला की वळचणीची कबुतरं उडाली. अक्का जागीच थांबल्या. त्यांनी एका बाजूला तोंड केलं, मग दुसऱ्या, मग पूर्ण वळल्या. काठी हवेत काहीतरी शोधत होती. आता त्यांचं तोंड आलो त्या वाटेकडं झालं होतं, आणि त्यांना ते कळायचं काही साधन उरलं नव्हतं. माणसांना वाटलं, आवाज कमी पडतोय. त्यांनी अजून जोर लावला.

मग अक्कांनी काय करावं? काठीनं चाचपत त्या एका बंद दुकानाच्या पायरीपाशी गेल्या आणि तिथं बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली, त्यावर हात ठेवले. पाहुण्यांच्या घरी कुणी पाणी आणून देईपर्यंत बसतात तशा.

मी धावले. तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून एकेकाच्या समोर जाऊन हात जोडले. ताटवालीचं ताट धरलं. घंटावाल्या आजोबांच्या पाया पडले. हलगीवाला सगळ्यांत अवघड. त्याचे डोळे मिटलेले, अंगात रंग भरलेला. मी त्याच्या हलगीवर दोन्ही हात सपाट ठेवले तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि अतिशय दुखावलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला बोटानं अक्का दाखवल्या. तो वरमला. त्यानंच मग पुढं होऊन उरलेल्यांना गप्प केलं. धिप्पाड माणूस, त्यानं नुसता हात वर केला तरी पुरायचं.

हळूहळू बाजार शांत झाला. सगळे श्वास रोखून उभे. अक्का बसलेल्याच. मला चौगुले दिसेनात. गिरणीचं दार तर उघडं होतं. मी तिथं जाणार इतक्यात ते आतून बाहेर आले. अंगावर पीठ, हातात गिरणीचा जुना तुटका पट्टा. त्यांनी तो दाराच्या लाकडी चौकटीवर आपटला. फट फट. फट फट. पट्ट्याला जिथं जोड असतो तिथं गिरणी रोज एक ठोका चुकायची. चौगुल्यांनी तोही चुकवला.

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या, कान लावला, वळल्या, आणि नाकासमोर निघाल्या. दोन्ही बाजूंची माणसं भिंतीला पाठ लावून वाट करून देत होती. त्या पुढं गेल्यावर घंटावाल्या आजोबांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि घंटेवर बोट दाबून धरलं, चुकून वाजू नये म्हणून.

सायझिंगच्या फाटकाशी वॉचमननं शक्कल लढवली होती. सायझिंगमध्ये सुताला खळ लावतात, आणि चालू असली की त्या शिजत्या खळीचा आंबूस वास अर्ध्या रस्त्यावर पसरतो. आज चूल थंड. त्यानं कालच्या उरलेल्या खळीची बादली फाटकाबाहेर रस्त्याकडेला ओतून ठेवली होती. अक्कांनी नाकाला पदर लावला.

"शिळी हाय," त्या पुटपुटल्या आणि चालत राहिल्या.

मी ते ऐकलं. त्यावर विचार करायला मला उसंत नव्हती, कारण पुढं चौक होता.

चौकाला सुट्टी नव्हती. स्टँड चालू, एसट्या आत-बाहेर, रिक्षा, ट्रक. या एका जागी गर्दी कमी असेल हा दिगंबरचा हिशेब साफ चुकला होता. पलीकडं रसवंती. एरवी मोटर चालू असली की चरकाला बांधलेली घुंगरं एसटीच्या आवाजातूनही छुमछुम ऐकू यायची. आज मोटर बंद. पण चरकाला हातानं फिरवायचं जुनं चाक होतं. सिद्राम तिथं पोचलेला मला दिसला. रसवाला बाकावरून उठला, चाकाकडं वळला.

आणि दिगंबरनी त्याचा हात धरला.

रस्त्याच्या या बाजूनं मला शब्द ऐकू येत नव्हते, पण कळत सगळं होतं. ते मान हलवत होते. नको. रस्ता मोठा आहे. तिला येऊ देऊ नका. रसवाला काहीतरी म्हणाला, दिगंबरनी पुन्हा मान हलवली. त्यांचा चेहरा घाबरलेला होता. आई थांबली, आवाज नाही आला, आई हरली, आई सुखरूप. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होते.

अक्का कडेला उभ्या राहिल्या. कान पुढं. एक एसटी भोंगा वाजवत गेली, त्यांचा पदर उडाला. त्या हलल्या नाहीत. काठी पुढं टाकली नाही, मागंही घेतली नाही. मी त्यांच्या इतकी जवळ होते की हात लांब केला असता तर धरता आलं असतं. माझा हात वर झालाही होता. तो खाली घेताना जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं, वाजवा हो. काहीही करून वाजवा. मला नको पुणं.

सिद्राम रस्त्यावर उतरला. त्यानं सायकल आडवी केली आणि हात पसरून उभा राहिला. एक रिक्षावाला थांबला, त्याला बघून दुसरा. एसटीचा ड्रायव्हर शिवी द्यायला खिडकीतून वाकला, त्याला अक्का दिसल्या आणि त्यानं इंजिनच बंद केलं. एक एक करत चौक थांबला. मी तो चौक तसा थांबलेला त्यानंतर कधी पाहिला नाही.

आता सगळे दिगंबरकडं बघत होते.

त्यांनी रसवाल्याचा हात सोडला. त्याला बाजूला सारलं. शर्टाच्या बाह्या न सारताच त्यांनी चाकाला हात घातला आणि जीव खाऊन फिरवलं. चाक निम्म्यात अडकलं, मग सुटलं. घुंगरं वाजली. बेताल, अडखळत, शाळा सुटल्यासारखी वाजली.

अक्का रस्ता ओलांडून गेल्या.

रसवाल्यानं हातानं चाक फिरवून रस काढला. आलं घालून, लिंबू पिळून. अक्का बाकावर बसल्या, पेला दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि विचारलं, "मी येताना चाक कोण फिरवत हुतं?"

दिगंबर हाताचं वंगण रुमालाला पुसत उभे होते.

"रसवाल्याचा हात चांगला सरळ चालतोय. हे कुणीतरी शिकाऊ हुतं."

"मी होतो," दिगंबर म्हणाले.

"वाटलंच मला. जेव लेका जरा, अंगात जोर न्हाई तुझ्या."

ते आईच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "अक्का, तुला ठाऊक होतं? आज काहीच चालू नसणार हे?"

"आंधळी हाय, बहिरी न्हाई. शुक्रवारी माग बंद असत्यात हे तुझ्या जल्माआधीपासनं ठाऊक हाय."

"मग शुक्रवारला हो का म्हणालीस?"

अक्कांनी पेला संपवला. पदरानं ओठ टिपले. "चालू दिवशी आले असते तर तू काय म्हणाला असतास? म्हणाला असतास, यंत्रं वाजत हुती म्हणून जमलं, उद्या यंत्रं बंद पडली की काय करशील? मला तुला यंत्रं दावायची नव्हती, दिगू."

दिगंबरनी आईच्या मांडीवरचा हात आपल्या वंगणाच्या हातात घेतला. मी तोंड फिरवून रडले, आणि मग माझ्या लक्षात आलं की पैज संपलीय, आता रडण्याचा आवाज झाला तरी चालतो. म्हणून नीट रडले.

"बांगड्या सोड आता," अक्का म्हणाल्या. "हाताला मुंग्या आल्या असतील."

परत येताना आम्ही तिघं बरोबर होतो, पण अक्कांनी कुणाचा हात धरला नाही. बाजारात हलगीवाला वाट बघत उभा होता. आता वाजवू का, असं त्यानं मला डोळ्यांनीच विचारलं. मी होकार दिला. मग त्यानं जी वाजवली ती वाजवली. शेवंतानं खिडकीतून विचारलं, "ऐकू आलं न्हवं अक्का माझं?" अक्का म्हणाल्या, "निपाणीपतुर गेलं असंल." चाचा कोपऱ्यावर अजूनही दारावर ठोकत होते. कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. त्यांचा हात सुजला होता.

तिथून पुढं आमची गल्ली. अक्का वळल्या आणि काठी भिंतीला टेकवून दारं मोजायला लागल्या.

मी पळाले. दिगंबर मागून काय झालं म्हणून विचारत राहिले. मी घरात शिरले, ओट्याखालचा पितळी खलबत्ता ओढून दारात आणला, उंबऱ्यावर बसले आणि बत्ता आपटला. ठण. ठण. ठण. आत कुटायला काही नव्हतं. रिकामाच वाजवत होते.

अक्कांची काठी भिंतीवरून निघाली. मोजणं थांबलं. त्या गल्लीच्या मधून, ताठ मानेनं, थेट आल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाचं घर म्हणायचं हे?"

"आपलं, अक्का."

"असं व्हय," त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुढं केला. तो माझ्या डोक्यावर पडला, मग गालावर आला, आणि तिथंच राहिला.

पुण्याला आम्ही गेलो नाही. दिगंबरनी इथल्याच सूतगिरणीत काम धरलं. सातव्या मजल्यावर खलबत्त्याचा आवाज खाली पोचणार कसा, असं मीच त्यांना विचारलं होतं. अक्का त्यानंतर पुष्कळ वर्षं काठी घेऊन हिंडल्या. जेवायच्या वेळेला मी दारात बसायचे, बत्ता आपटायचे. शेवटी गेल्या तेव्हा त्यांना काही फार त्रास झाला नाही.

आता गल्लीतले बरेच माग भंगारात गेले. चाचांचा लंगडा मागही गेला. आता कुठलाही वार आमच्याकडं शुक्रवारसारखाच असतो. चाचा खूप थकलेत, आणि गेल्या वर्षापासून त्यांना दिसत नाही. दुपारच्या नमाजाहून ते एकटेच परत येतात. मुलगा सोबत येतो म्हणाला तर ओरडतात. कोपऱ्यावर आले की थांबतात, मान तिरकी करतात. त्यांचं घर आमच्या समोरच आहे.

मी हातातलं काम टाकते आणि खलबत्ता ओढते.